मिरग ते मिरग : वर्षभरात दिसलेल्या रानातल्या जनावरांची यादी कशी ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात गाव, काम घरून चालतं म्हणून आता वर्षभर मुक्काम गावातच, आणि दिसेल ते प्रत्येक जंगली जनावर लिहून ठेवायचं ठरवलंय. मग जानेवारीपासून धरायचं का, नुसता आवाज ऐकला तर चालतो का, मेलेलं आणि पाऊलखुणा मोजायच्या का, वही बरी की ॲप, आणि वर्षात शंभर होतील का.

शंभरचं आधी उरकतो. पक्षी धरणार असाल तर शंभर काही अवघड नाही. तुमच्याकडे पुढे समुद्र, मागे खाडी आणि खाजण, मधे आगरं, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, एवढं सगळं चालत जायच्या अंतरात आहे, नुसते पक्षीच शंभराच्या पुढे जातील, फक्त सकाळी लवकर उठायला पाहिजे. पक्षी सोडून फक्त सस्तन प्राणी म्हणत असाल तर गावात राहून दहाबारा झाले तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. वानर, माकड, खार, मुंगूस, वटवाघूळ हे पहिल्या आठवड्यातच होऊन जातात. ससा, कोल्हा, रानडुक्कर रात्री गाडीच्या उजेडात. कांडेचोर म्हणजे उदमांजर, फणस पिकले की. भेकर आधी ऐकू येतं आणि दिसलं तर मग कधीतरी. साळिंदर, जवादी मांजर, बिबट्या हे नशिबावर. शेकरू, गवा किंवा पिसोरी म्हणजे ते चिमुकलं हरीण हवं असेल तर घाटाच्या पायथ्याची रानं किंवा मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य, घरात बसून ते होत नाही.

पण माझं म्हणणं असं आहे की यादीत साप, बेडूक, सरडे, खेकडे घ्याच, कारण कोकणातली खरी मजा तिथे आहे आणि ते तुमच्या गडग्यावरच, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरच असतात. सगळं एकाच यादीत नका कोंबू एवढंच. पक्षी वेगळे, सस्तन वेगळे, सरपटणारे वेगळे, बेडूक वेगळे, समुद्रातलं वेगळं. एकच आकडा ठेवला की कावळा आणि खवल्या मांजर दोन्ही एक-एक मार्काचे होतात आणि मग माणूस सोप्या मार्कांच्या मागे लागतो.

आता वर्ष कधीपासून. जानेवारीपासून धरायला हरकत नाही, बाकीची सगळी मंडळी तशीच धरतात, ॲपमधला हिशोबही एक जानेवारीपासूनच होतो. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला जानेवारी ही अगदीच चुकीची जागा आहे वर्ष तोडायला. कासवांचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो आणि पिल्लं निघायची ती एप्रिल-मेपर्यंत, म्हणजे तुम्ही बरोबर मधोमध कापता. कुरव म्हणजे सीगल आणि बाकीचे थंडीचे पाहुणे ऑक्टोबरात उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जातात, तेही कापले गेले. म्हणून मी मिरगापासून मिरगापर्यंत धरतो. साधारण ७-८ जूनला मृग लागतो, तेव्हा कोकणात सगळंच नव्याने सुरू होतं. त्याच्या थोडं आधी काजवे लागलेले असतात, मग पहिला जोरदार पाऊस झाला की रात्री बेडकांचा गलका, खेकडे बिळातून बाहेर, पऱ्याला म्हणजे ओढ्याला पाणी आलं की वलगणीचे मासे उलटे चढायला लागतात, अंगणात लाल मखमली मिरगाचा किडा, चातक येतो, नवरंग येतो, तिबोटी खंड्या पऱ्याच्या दरडीत बीळ कोरायला लागतो. पहिल्या पंधरवड्यात वही इतकी भरते की हात दुखतो. आणि शेवट होतो उन्हाळ्याच्या टोकाला, पाणवठे आटलेले, सगळी जनावरं उरलेल्या डबक्यावर येतात, म्हणजे राहिलेलं काही असेल तर मे महिन्यात भरून काढायला संधी मिळते. दुसऱ्यांशी आकडे जुळवायचे असतील तर एक जानेवारीची बेरीज ॲप आपोआप करतंच, त्याचं काही वेगळं करावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, तुम्ही विचारलेला नाहीत तरी सांगतो. यादीत सगळ्यात कमी किमतीची गोष्ट म्हणजे शेवटचा आकडा. पाच वर्षांनी तुम्ही वही उघडाल तेव्हा त्या वर्षी ७३ झाले की ८१ याला कोणी विचारणार नाही, तुम्ही पण नाही. तेव्हा कामाला येते ती तारीख, जागा, किती होते, आणि काय दिसलं नाही. म्हणून प्रत्येक प्राण्याची वर्षातली पहिली नोंद करून थांबू नका, जे येतात-जातात त्यांची शेवटची नोंदही ठेवा. नवरंग पहिल्यांदा कधी ओरडला हे सगळे लिहितात, शेवटचा कधी ऐकला हे कोणी लिहीत नाही, कारण शेवटचा आहे हे त्या दिवशी कळत नाही ना. त्यावर उपाय एकच, ऐकलात त्या प्रत्येक दिवशी नुसती एक रेघ मारायची, मग रेघा जिथे थांबल्या ती तारीख.

आणि "नाही"ची नोंद. याला लोक हसतात. पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी गेलात आणि कुरव नव्हते तर "गेलो, अर्धा तास उभा होतो, एकही नाही" हे लिहायचं. न जाता नुसतं "दिसले नाहीत" लिहिण्याला अर्थ नाही. ईबर्ड या पक्षी नोंदवायच्या ॲपवर पूर्ण चेकलिस्ट म्हणतात ती हीच भानगड, म्हणजे किती वेळ, किती अंतर चाललात आणि ओळखता आले ते सगळे पक्षी लिहिलेत का असं ते विचारतात, कारण सगळे लिहिले असतील तरच न लिहिलेला पक्षी तिथे तुम्हाला सापडला नाही असं धरता येतं. गिधाडांचंच घ्या. एकेकाळी कोकणात गावोगाव मोठ्या झाडांवर असायची, जुन्या माणसांना विचारा. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं, मेलेल्या गुरांच्या मांसातून, देशभर त्यांचा नायनाट झाला, २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि आता म्हसळ्याजवळ चिरगावसारख्या मोजक्या ठिकाणी उरलीत. आमच्याकडे शेवटचं गिधाड कोणत्या साली दिसलं हे नक्की सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, प्रत्येकजण "पूर्वी होती" म्हणतो. पूर्वी म्हणजे कधी? कोणाच्या तरी वहीत असतं तर कळलं असतं.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला मुक्काम केला होता आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांकडे बघत बसले. नर अर्धवट खोपा विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीनं पसंत केला की तो पुरा करतो आणि मग पुढचा खोपा दुसरीसाठी, हे सगळं त्यांना तिथल्या निरीक्षणातून कळलं. यादीच्या भाषेत सांगायचं तर एक नोंद. पण ती एकाच जागी पुन्हापुन्हा बघून झालेली. तुमच्या गावात अशी एक जागा निवडा, खाजणाचा बांध, पऱ्यावरचा साकव, देवराईची कड, कुठलीही, आणि आठवड्यातून एकदा त्याच वेळी जा. बाकी आठवडाभर कुठेही भटका.

आता धरायचं काय. मी चार अक्षरं वापरतो, प्रत्येक नोंदीपुढे एक. "दि" म्हणजे दिसलं, "ऐ" म्हणजे ऐकलं, "खु" म्हणजे खूण, "मे" म्हणजे मेलेलं. वर्षाच्या बेरजेत फक्त दि आणि ऐ जातात, बाकी दोन वहीत राहतात पण मोजत नाही. तुम्ही वेगळं ठरवा हवं तर, पण ठरवा आधी आणि वर्षभर तेच ठेवा, वर्ष संपताना शंभरला दोन कमी पडतायत म्हणून नियम बदलायचा नाही.

ऐकलेलं का धरायचं, तर रातवा, पिंगळा, भेकर, बहुतेक बेडूक हे ऐकूनच जास्त खात्रीनं ओळखता येतात. झाडावरचे छोटे बेडूक, सगळे तपकिरी आणि सगळे अंगठ्याच्या नखाएवढे, फोटोवरून मोठमोठ्यांची पंचाईत होते, पण आवाज वेगळे. फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख आणि जागा बोला. पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन ॲप चांगलं आहे, मी पण वापरतो, पण त्यानं स्क्रीनवर नाव दाखवलं म्हणजे तुमची नोंद झाली असं नाही. भृंगराज नावाचा जो नकलाकार आपल्या रानात बसलेला असतो तो शिक्र्याची नक्कल करतो, सर्पगरुडाची करतो, आणखी कोणाकोणाची करतो, ॲप बिचारं एकामागून एक नावं दाखवत जातं. हरेवा पण त्यातलाच. पक्षी डोळ्यांनी बघा किंवा आवाज तुम्हाला स्वतःला ओळखता आला पाहिजे.

खुणांचं सांगायचं तर कोकणात त्या भरपूर मिळतात आणि दिसण्यापेक्षा जास्त शिकवतात. खाडीकडेच्या कातळावर खेकड्यांच्या कवचांचे तुकडे आणि माशांचे खवले असलेली, मासळीच्या वासाची विष्ठा सापडली की तिथे हूद म्हणजे पाणमांजर येतं, आणि ते रोज-रोज त्याच कातळावर येतं. वाटेच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा, भेरली माडाच्या बिया असतील तर कांडेचोर. साळिंदराचा काटा. वारूळ उकरून बाजूला मातीचा ढीग असेल तर खवल्या मांजर असू शकतं, पण रानडुक्कर पण उकरतं, तेव्हा "असू शकतं" असंच लिहा. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा चप्पल ठेवा, नाहीतर नंतर आकार काही कळत नाही.

मेलेलं. रस्त्यावर चिरडलेली सापं, बेडकं, उदमांजरं यांची वेगळी पानं ठेवा, जागा अगदी नेमकी लिहा, कुठल्या वळणावर, कुठल्या मोरीजवळ. महामार्ग रुंद झाल्यापासून ही पानं भराभर भरतात. पावसाळ्यातल्या एका रात्रीत एकाच उतारावर किती बेडूक मेले याची नोंद उद्या कोणाला तरी मोरी कुठे हवी हे सांगायला उपयोगी पडेल. अडचण येते ती वाहून आलेल्यांची. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला, तेव्हा जिवंत होता, मग मेला. तो दि की मे? माझ्या हिशोबात तुम्ही पोचलात तेव्हा जी अवस्था होती ती लिहायची, वाद संपला.

ओळखीत घोटाळे कुठे होतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण गावात माहिती लोकांकडून येते आणि लोकांची नावं वेगळी असतात. कोणी "काल वाघ बघितला" म्हणालं तर तो बिबट्या, पट्टेरी असेल तर माणूस ढाण्या म्हणून सांगतो. "सुसर" म्हणाले तर मगर, चिपळूणला वाशिष्ठीत आणि महाडला सावित्रीत आहेत त्या मगरीच. मांजरांचा तर मोठा गोंधळ आहे. बाऊल म्हणजे रानमांजर, कांडेचोर हे खरं तर मांजर नाहीच, जवादीच्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि शेपटीला कडी, कांडेचोराची शेपटी लांब, काळी आणि कडी नाहीत. रात्री टॉर्चमध्ये शेपूट बघायची, तोंड बघत बसलात की ते निघून जातं. वाघाटी म्हणून अगदी छोटं मांजर आहे, घरच्या मांजरापेक्षा लहान, ते दिसलं आणि खात्री असेल तर त्या रात्री झोप येणार नाही.

सापांत फुरसं आणि मांजऱ्या, मण्यार आणि कवड्या, घोणस आणि डुरक्या घोणस, या तीन जोड्यांमध्ये लोक फसतात, आणि दर जोडीतला एक विषारी आहे. ओळख पटवायला जवळ जायचं नाही, काठीनं उलटायचं नाही, दोनतीन मीटरवरून झूम करून फोटो, डोकं, मधला भाग, शेपूट, बस. नाही ओळखला तर "साप, अनोळखी, फोटो आहे" असं लिहा, यात काही कमीपणा नाही. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत आणि काही दोन-तीन वर्षांनी सुटल्या. जबरदस्तीनं नाव चिकटवलेली नोंद मात्र कधीच सुटत नाही कारण ती सुटलेलीच दिसते.

बरं, सडा. कातळ, लोक म्हणतात काही नाही तिथे, उजाड आहे. पावसाळ्यात जाऊन बघा, डबकी भरली की फुलं तर असतातच पण बेडूक, त्यांच्या मागे साप, चंडोल. जांभ्याच्या सैल दगडाखाली फुरसं असतं, विंचू असतो, म्हणून दगड उचलायचाच असेल तर हातानं नाही, काठीनं, आणि तुमच्याकडची बाजू खाली ठेवून, म्हणजे खालचं जे असेल ते समोर पळेल. आणि तो दगड होता तसा परत ठेवायचा, तिथे कोणाचं तरी घर आहे. दगडाखालच्या ओल्या मातीत गांडुळासारखं काहीतरी दिसेल, अंगावर वळ्या, पण नीट तोंड आणि जबडा असलेलं, ते देवगांडूळ, म्हणजे बिनपायांचा उभयचर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून याची एक नवी जात २००३ मध्ये जगासमोर आली. आंबोलीचा भेक, म्हणजे तिथला तो टोड, २००९ चा. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडातला मासा तर २०२० चा, आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैविक वारसा स्थळ म्हणून दर्जा मिळाला. म्हणजे आपल्या भागात अजून नावं ठेवायची बाकी आहेत, आणि तुमच्या "अनोळखी" पानावर काय बसलंय ते सांगता येत नाही.

विंचवांवरून आठवलं, एक छोटा यूव्ही टॉर्च घ्या. अंधारात गडग्यावर मारला की विंचू हिरवट-निळे चमकतात, दिवसा जिथे एक दिसत नाही तिथे रात्री दहा. लाल विंचू कोकणात भरपूर आणि तो चावला की खेळ नसतो, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधून काढल्यावर त्याचे मृत्यू खूप कमी झाले. तरी गमबूट घाला. सापाचंही तेच, दवाखान्यातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, घाटातल्या हिरव्या चापड्यावर ते चालत नाही, तेव्हा रात्री झाडाझुडपात हात घालून फोटो काढायची हौस नको. आणि पावसात शेतातल्या चिखलात अनवाणी नको, लेप्टो होतो.

वही की ॲप? दोन्ही. वही खिशात, पेन्सिल, कारण पावसात शाई फुटते, आणि वही प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत. रकाने साधे: तारीख, वेळ, जागा, काय, किती, अक्षर, कशावरून ओळखलं. हा शेवटचा रकाना सोडू नका, "शेपटीला कडी" एवढे दोन शब्द पुरतात. जागा गावातल्या नावांनी लिहा, वरचा सडा, मधली पाखाडी, खालचं खाजण, अमक्याचं आगर, कारण गूगलवर ही नावं नाहीत आणि तीच तुम्हाला आठवणार आहेत. पण वहीच्या शेवटच्या पानावर हातानं नकाशा काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्याला काही बोध होणार नाही. संध्याकाळी वहीतून ॲपमध्ये. पक्षी ईबर्डवर, बाकी सगळं आयनॅचरलिस्टवर फोटोसकट, तिथे जाणकार लोक ओळख तपासतात आणि तुमचं चुकलं असेल तर सांगतात. जुने फोटोही चढवता येतात, फोनमध्ये तारीख-वेळ बरोबर असेल तर.

आता एक गोष्ट जरा रागानेच सांगतो. जागा उघड करू नका. खवल्या मांजराचं बीळ, हुदाचं बिऱ्हाड, धनेशाची ढोली, घुबडाचं घरटं. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपणहून लपवतं, वीसबावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही टाकतं, पण व्हॉट्सॲप स्टेटस लपवत नाही. एका गावच्या ग्रुपवर कोणीतरी खवल्याचा व्हिडिओ टाकला, मागे पाखाडी आणि देऊळ स्पष्ट दिसत होतं, आठवड्याच्या आत अनोळखी माणसं चौकशी करत फिरायला लागली. खवल्यांना बाजारात पैसा आहे हे सगळ्यांना माहिती आहे. उलट चिपळूण तालुक्यात डुगवे गावानं खवलोत्सव करून त्याला पालखीत बसवलं, म्हणजे त्याची प्रतिकृती हो, आणि गावच राखणदार झालं. तुमच्या गावात तसं झालंय का बघा आणि मग बोला. तोपर्यंत वहीत लिहा, वनरक्षकाला सांगा, बस.

तसंच यादीसाठी जनावराच्या मागे जायचं नाही. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती येतायत, लोकांच्या माड-केळी-काजूचं नुकसान होतंय, माणसं वैतागलीत, आणि वर बाहेरची पोरं मोटरसायकली घेऊन व्हिडिओ काढायला. हत्ती नसला यादीत तरी काही अडत नाही.

कासवांचा प्रश्न तुम्हाला येणारच म्हणून आधीच सांगतो. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं सुरुवात केली, मग आंजर्ले, गुहागर असं करत बऱ्याच किनाऱ्यांवर अंडी गोळा करून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात आणि पिल्लं निघाली की सोडतात. ही पिल्लं धरायची का? मी "हॅचरी" असा शेरा मारून लिहितो पण बेरजेत मादी दिसली तरच धरतो. मादी रात्री येते, आणि तिला बघायला टॉर्च घेऊन किनाऱ्यावर भटकू नका, उजेड दिसला की ती अंडी न घालता परत फिरते. पहाटे जा, वाळूत माग असतो. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्याकडे नेहमी येणारं कासव, त्याच्या मागात डावा-उजवा पाय आळीपाळीने पडलेला दिसतो, हिरव्या समुद्री कासवाचा दोन्ही बाजूंना सारखा समोरासमोर. माग पुसू नका, त्यावर चालू नका, तुमच्या किनाऱ्यावरचे कासवमित्र त्यावरूनच घरटं शोधतात, त्यांनाच फोन करा. आणि कासव दिसलं तर पुढच्या पायाला धातूची पट्टी आहे का ते लांबून बघून त्यांना सांगा, नंबर ते वाचतील. २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत तुमच्याच गुहागरला अंडी घालायला आली होती. दोन्हीकडे कोणीतरी नंबर आणि तारीख नीट लिहिली म्हणून हे कळलं, नाहीतर पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला असंच सगळे समजत होते.

समुद्राच्या पानासाठी मासेमारांशी दोस्ती करा, दुसरा मार्ग नाही. डॉल्फिन किनाऱ्यावरून दिसतात, ऑक्टोबर ते मे, सकाळी वारा पडलेला असताना, खाडीच्या तोंडाशी, दाभोळ, हर्णै, तिकडे तारकर्लीला, कुबडवाले असतात ते बहुतेक, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. पाठीला परच नसेल तर ती पॉर्पस, ती उडी पण मारत नाही, नुसती पाठ वर येते आणि गेली, त्यामुळे लोक तिला धरतच नाहीत. पण बहिरी म्हणजे व्हेल शार्क, समुद्री साप, खोल पाण्यातली कासवं हे बोटीवरच्यांनाच दिसतात. २०१८ च्या अखेरीपासून राज्य सरकार संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर नुकसानभरपाई देतं, २५ हजारापर्यंत, आणि त्यासाठी फोटो-व्हिडिओ लागतो, त्यामुळे आता बोटीवर व्हिडिओ काढायची सवय लागलीय. ते व्हिडिओ मागा, तारीख आणि किती वाव खोल पाण्यात होते ते विचारा. तुमच्या बेरजेत हे येत नाही, तुम्ही बघितलेलं नाही ना, पण "दुसऱ्यांचं" असं एक पान वहीच्या मागच्या बाजूने उघडा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, तेव्हा समुद्राचं पान रिकामं राहील असं वाटेल, पण उलट. मोठं वादळी वारं झालं की दुसऱ्या दिवशी पुळणीवर जा. एरवी किनाऱ्यापासून लांब राहणारे समुद्रपक्षी, बूबी, फ्रिगेट, पेट्रेल, थकून वाळूत बसलेले सापडतात, कधी आगरात, कधी चक्क अंगणात. त्यांना समुद्रात परत फेकायचं नाही, पाणी पाजायचं नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ ला फोन करायचा, आणि खोकं बंद करण्याआधी चोचीचा आणि पंखांचा एकेक फोटो.